पाटाचं तोंड

मे संपत आला की भंडारदऱ्याला काजव्यांसाठी माणसं लोटतात. रात्रभर अंधारात झाडांखाली उभी राहतात आणि खोलीवर परतल्यावर पहिला प्रश्न, वायफायचा पासवर्ड काय? शेंडीतल्या एका मावशींच्या मुलाने त्यासाठीच नवा राउटर आणला, स्वतः जोडला आणि सुट्टी संपली म्हणून पुण्याला निघून गेला. नेट काही येईना, मग राजूरमार्गे मी, अशी यंत्रं जोडून देणारा.

"दादा, दिवे तर सगळे लागलेत," मावशी म्हणाल्या.

लागले होते खरे. पण कंपनीच्या मोडेममधून निघालेली वायर राउटरच्या लॅन पोर्टात खोवलेली. शेजारचं निराळ्या रंगाचं पोर्ट, ज्यावर वॅन लिहिलेलं असतं, ते रिकामं. मावशींचं माहेर संगमनेरकडचं, पाटपाण्यावर ऊस करणारं. म्हटलं, 1926 साली पूर्ण झालेल्या या विल्सन धरणाचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून कालवे सुटतात. पण तुमच्या वावरात ते कुठून घेता? "पाटाच्या तोंडातून. बांध फोडून घेतलं तर भांडणंच." वॅन म्हणजे ते तोंड.

वायर हलवली, तरी नेट नाही. मोडेमचा पत्ता 192.168.1.1 आणि राउटरचाही तोच. एका घरात दोन कारभारी, दोघांचं नावही एकच. निरोप कुणाला द्यायचा हे राउटरला कळेना. त्याचा पत्ता बदलून 192.168.10.1 केला आणि गाडी चालू झाली.

आमच्यातले काहीजण अशा वेळी मोडेम ब्रिज मोडवर टाकतातच. म्हणजे तो नुसती नळी होतो, कारभार सगळा राउटरकडे. मला हा हट्ट पटत नाही. बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत पोर्ट उघडायचं असेल तर दोन कारभारी आडवे येतात, हे खरं. पण पाहुण्यांना व्हिडिओ बघायचाय. त्यात काही अडत नाही. उगाच ब्रिज केला की उद्या मोडेम रीसेट झाल्यावर मावशींनी कुणाला बोलवायचं? मोडेमचं वायफाय तेवढं बंद केलं, पाहुण्यांना दोन नावं दिसायला नकोत.

माझा हात बसला तो पुण्यात, केबल मोडेमवर. टीव्हीची जाड वायर मागे स्क्रूने आवळायची. इथे आता फायबरचा बारीक दोरा आहे. केबल मोडेमची एक खोड होती: पहिल्यांदा जे यंत्र जोडलं त्याचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता तो धरून बसायचा. कॉम्प्युटर काढून राउटर लावला की ओळखच देईना. पहिल्या घरी मी दोन तास सेटिंग उलटीपालटी करत बसलो. शेवटी कंटाळून प्लग उपटला, चहा घेतला, पुन्हा लावला, आणि चालू! शिकलो ते त्या चहाच्या कपात. आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत हात खिशात, मग राउटर. नवखा माणूस इथेच हरतो. त्याला सारखं काहीतरी दाबायचं असतं.

निघताना मावशींना तेवढा क्रम सांगितला. आषाढात इकडे लाइट टिकत नाही. परवा रात्री फोन आला, मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"दादा, काळ्या डब्याचा हिरवा दिवा थांबलाय. आता पांढरा लावू का?"