न सुटणारा क्लच

इंजिन बंद असताना प्रत्येक गिअर सहज पडतो आणि इंजिन चालू होताच, पेडल तळापर्यंत दाबूनही, तोच गिअर खरखर करून अडतो, तेव्हा दोष बहुधा गिअरबॉक्सचा नसून क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो. म्हणजे फ्लायव्हील, हे इंजिनासोबत फिरणारे जड चाक, आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली क्लच प्लेट मोकळी होत नाही. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्याची घाई हा मालकावर उघड अन्याय आहे, कारण दोष अनेकदा बाहेरच सापडतो. हायड्रॉलिक रचनेत पेडलचा दाब मास्टर सिलिंडरमधून तेलाद्वारे गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातो. तेलात हवा शिरली की ती दबते आणि क्लच सोडवणारा काटा पुरेसा सरकत नाही. पेडल भराभर दाबल्यावर गिअर पडू लागला, तर हवेचा किंवा गळतीचा संशय बळावतो. मात्र मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजले असल्यास बाहेर थेंबही दिसत नाही.

काटा पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तरच आत पाहावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत, विशेषतः कोकणासारख्या दमट प्रदेशात, प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटू शकते. सर्वांत फसवा दोष पायलट बेअरिंगचा, म्हणजे काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक क्रँकशाफ्टमध्ये पेलणाऱ्या छोट्या बेअरिंगचा, कारण ते जाम झाले की प्लेट सुटलेली असूनही दांडा इंजिनासोबत फिरतच राहतो.