अल्गार्वचे तीन दिवस

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याचं नाव अल्गार्व, मूळ अरबी 'अल-ग़र्ब', म्हणजे पश्चिम. लंडनहून फारोला विमानाने तीनेक तास. शुक्रवार ते रविवार गोल्फचा बेत असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा; मार्च किंवा ऑक्टोबर बरा. खेळाची वेळ आधीच राखून ठेवा.

पेनिनाचं मैदान हेन्री कॉटन यांनी १९६६ साली चक्क भातखाचरांत उभं केलं. पाणी शोषायला झाडं लावली, हजारोंनी! आपल्या कोकणकरांना गंमत वाटेल. जेवणात निखाऱ्यावरचे मासे घ्या, म्हणजे हलालची चिंता नाही.

एक सकाळ मात्र खेळ सोडून जवळच्या सिल्वेशला द्याच. लाल दगडाचा किल्ला आहे. सेव्हिलचा कवी-राजा अल-मुतमिद तरुणपणी इथला सुभेदार होता. खाली गावातलं संग्रहालय तर मुवह्हिदांच्या काळातल्या विहिरीभोवतीच बांधलंय.