आत उघडणारं दार

माझ्या वयाच्या मुली सध्या काय काय शोधतायत? टू बीएचके, जोडीदार, गेलाबाजार एखादा बरा हेअरस्टायलिस्ट. मी मात्र २०२४च्या डिसेंबरात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नेटवर खिडक्या शोधत होते. बाहुलीच्या घराच्या खिडक्या! हसा, हसून घ्या. आईसुद्धा हसली होती.

घर बाबांनी केलेलं. २००४ साली, सोलापुरात. मी तेव्हा सात वर्षांची. बाबा बँकेत होते. शाखेचं नवीन फर्निचर झालं, तेव्हा उरलेला ६ मिलिमीटरचा प्लाय त्यांनी सुताराकडून मागून आणला आणि चार रविवार खपून त्याचं घर केलं. दोन मजले, चार खोल्या, उतरतं छप्पर, खेळायला मागची बाजू उघडी. समोरच्या भिंतीत दारासाठी एक आणि खिडक्यांसाठी तीन भोकं. “दारं-खिडक्या पुढच्या रविवारी,” बाबा म्हणाले, आणि त्याच आठवड्यात लातूरच्या बदलीची ऑर्डर आली. मग नाशिक. मग पुणे. प्रत्येक वेळी ते घर ट्रकमध्ये चढलं, उतरलं आणि थेट माळ्यावर गेलं. तो रविवार काही उजाडला नाही.

मधल्या काळात मी मोठी झाले, मास कॉम केलं, नोकरीला लागले आणि २०२२मध्ये ती सोडून फ्रीलान्स करायला लागले. चौतीस वर्षं एकाच बँकेत काढलेल्या माणसाला “मी आता फ्रीलान्स करणार” हे सांगणं काय असतं, हे ज्यांनी सांगितलंय त्यांनाच ठाऊक. बाबा म्हणाले, “म्हणजे बेकार.” मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. महिन्याभरात मी कर्वेनगरला एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. निघताना दार जरा जोरातच लागलं. वाऱ्यानं, असं मी आईला नंतर सांगितलं. त्यानंतर बाबांचे आणि माझे निरोप आईमार्फत जायचे.

२०२३च्या ऑगस्टमध्ये बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर शब्दही. म्हणजे बाबांना सगळं समजायचं, पण वस्तूचं नाव जिभेवर यायचं नाही. चहाला ‘ते गरम’, चष्म्याला ‘डोळ्याचं’. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या सह्या जुळवून पाहिल्या, त्याची स्वतःची सही आता जुळेना. डाव्या हातानं नवी सही बँकेत द्यावी लागली, त्या दिवशी ते घरी येऊन रात्रीपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. थेरपिस्टनं आम्हाला एकच सांगितलं होतं, त्यांना हाताला ओळखीचं काम द्या, आणि काम करताना वस्तूंची नावं बोलत राहा.

२०२४च्या दिवाळीच्या साफसफाईत आईनं ते घर माळ्यावरून खाली काढलं. बाबांनी ते मांडीवर घेतलं, वरच्या भोकातून डाव्या हाताचं बोट आरपार घातलं आणि स्पष्ट म्हणाले, “खिडकी.”

आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे.

तर अशी मी नेटवर पोचले. आणि काय सांगू, हे एक वेगळंच जग आहे! छोट्या छोट्या चौकटीत बसवलेली तयार दारं, पितळेच्या मुठी, वर सरकणाऱ्या इंग्लिश खिडक्या. या छंदात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एकास बारा. खऱ्यातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे जगप्रसिद्ध बाहुलीघर बांधलं, तेही याच मापात आहे. त्याचा आर्किटेक्ट कोण होता माहितेय? एडविन ल्युटेन्स! आपली नवी दिल्ली आखणारा. विंडसर कॅसलमध्ये ठेवलेल्या त्या घराच्या नळाला पाणी येतं आणि लिफ्टही चालते. मी म्हटलं, आपण काय लिफ्ट मागत नाही, एक दार आणि तीन खिडक्या. केली ऑर्डर.

पार्सल आलं, आणि पोपट झाला. सात फुटी दार एकास बारामध्ये सात इंचांचं, म्हणजे जवळपास १८ सेंटीमीटरचं होतं. वर चौकट वेगळी. बाबांनी कापलेलं भोक १४ सेंटीमीटरचं. म्हणजे प्रमाण साधारण एकास पंधरा, किंवा खरं सांगायचं तर अंदाजपंचे. शिवाय ती चौकट जाड भिंतीसाठी केलेली, आमच्या ६ मिलिमीटरच्या प्लायमधून ती पुढे-मागे ओठासारखी बाहेर आली. तुम्हीही कधी असलं काही घेणार असाल, तर तीन मापं आधी कागदावर लिहा. भोकाची उंची, रुंदी आणि भिंतीची जाडी. बाह्य माप आणि आतलं माप वेगळं असतं, हेही बघा. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

आता दोनच रस्ते होते. भोक मोठं करायचं, नाहीतर भोकाच्या मापाची खिडकी करायची. मला पहिला सोपा वाटला. दार तयार होतं, पैसे गेलेले होते, आणि फ्रीलान्सरला पैसे गेल्याचं फार लागतं. मी करवतीचं पातं भिंतीला लावलं, तेवढ्यात बाबांनी त्यावर डावा हात ठेवला.

“नको.”

“बाबा, चार-पाच सेंटीमीटर वाढवलं की झालं. छप्पर सोडून बाकी काही हलणार नाही.”

“नको. घर... हे.” मग बराच वेळ शब्द शोधला आणि सोडून दिला.

मला राग आला. खोटं का बोला? हाच सूर मी आधी ऐकलेला होता. जे आहे ते तसंच, बदल नको, रिस्क नको. मी पातं ठेवलं आणि चहा करायला उठले. परत आले, तर बाबा आपल्या कपाटातून गुण्या काढून बसले होते. सुतार काटकोन तपासतात तो. डाव्या हातानं तो भोकाच्या कोपऱ्यात धरायचा प्रयत्न चालला होता. गुण्या घसरत होता, ते परत धरत होते. वीस वर्षांपूर्वी आपण कापलेला कोन बरोबर आहे की नाही, हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्या उजव्या हाताचं ते शेवटचं सुतारकाम होतं, आणि मी ते कापायला निघाले होते.

ते तयार दार मी परत पाठवलं.

मग सुरू झाले आमचे रविवार. अप्पा बळवंत चौकातून, आर्किटेक्चरची पोरं जिथून मॉडेलचं सामान घेतात तिथून, बाल्साच्या पट्ट्या आणि ओएचपी शीट आणली. बाल्सा इतकं मऊ लाकूड, की साध्या कटरनं कापलं जातं. दारासाठी बाबांनी स्वतः वस्तू निवडली. घसा तपासायला डॉक्टर वापरतात त्या चपट्या काड्या! गेल्या वर्षभरात त्या आमच्याकडे कमी नव्हत्या. तीन काड्या उभ्या शेजारी शेजारी ठेवल्या, मागून दोन आडव्या पट्ट्या मारल्या, की झालं फळ्यांचं दार. खिडक्यांना गज हवेत हाही बाबांचाच हट्ट. त्यासाठी आईच्या खराट्याचे पंधरा हीर गेले. ते काळे रंगवले, की लोखंड कुठलं आणि हीर कुठला, ओळखू येत नाही.

मी कापायचे, बाबा धरायचे आणि नाव सांगायचे. नाव आलं नाही तर मी थांबायचे. चौकट लगेच आली. गज आला. उंबरठ्याला दोन रविवार लागले. बिजागरीला बाबांनी आधी ‘दाराचा गुडघा’ म्हटलं. मला तो शब्द इतका आवडला, की दुरुस्त करावासा वाटेना.

चुका केल्या का? भरपूर. पहिल्या खिडकीचं तावदान मी झटपट चिकटणाऱ्या ग्लूनं लावलं. त्या ग्लूच्या वाफेनं प्लॅस्टिकवर पांढुरका थर बसतो. माझं तावदान ऐन हिवाळ्यात धुकं पडल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा फेव्हिकॉलचे बारीक ठिपके दिले. तो सावकाश सुकतो, त्यामुळे चौकट इकडेतिकडे सरकवायला वेळ मिळतो. चौकट बसवताना आधी नुसतीच ठेवून बघायची, दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले तरच चिकटवायची आणि रात्रभर मास्किंग टेपनं बांधून ठेवायची. बाबांनी कर्ण तर असे मोजून घेतले, जणू दिवसाअखेरची कॅश टॅली होतेय. भोकाच्या कडा खडबडीत होत्या, त्यांच्यावर बाहेरून पाच मिलिमीटरची पट्टी लावली. सगळं झाकलं गेलं.

दाराचा गुडघा म्हणजे दोन टाचण्या. एक वरून, एक खालून, चौकटीतून दाराच्या कडेत घुसवायची. ती कड पॉलिश पेपरनं गोल करायची, नाहीतर दार फिरताना चौकटीला अडतं. फट किती ठेवायची, तर बाबांची दोन जुनी व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवून जेवढी होईल तेवढी. एवढं सगळं नीट जमलं, दार मस्त फिरलं, आणि मग मी उत्साहानं त्याला हिरव्या रंगाचे दोन हात मारले. सुकल्यावर दार जागचं हलेना! रंगालाही जाडी असते, हे मला त्या दिवशी कळलं. दारं-खिडक्या आधी रंगवायच्या, मग बसवायच्या आणि तावदान सगळ्यात शेवटी. मी ते दार ओढतेय, ढकलतेय, आणि बाबा बघतायत. बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले.

“पावसाळा!” ते म्हणाले.

पावसाळ्यात फुगून बसणारं दार! स्ट्रोकनंतर बाबांनी केलेला हा पहिला विनोद. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तर आम्ही दोघं डोळे पुसत होतो.

रंग घासून काढल्यावर एकच गोष्ट उरली. दार उघडायचं कुठे, आत की बाहेर? तुम्ही म्हणाल, बाहुलीला काय फरक पडतो? पण एवढीशी दारंसुद्धा किती गंभीर असू शकतात, ते ऐका. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या बाईंनी १९४०च्या दशकात एकास बाराच्याच मापात मृत्यूच्या प्रसंगांची छोटी छोटी घरं केली. पोलिसांनी तपास कसा करावा हे शिकवण्यासाठी! त्यांत दार कसं लागलंय, खिडकी उघडी आहे का, हेसुद्धा बघायचं असतं. घरात काय घडलं, ते दार सांगतं.

मी म्हटलं, “बाबा, बाहेर उघडू दे. आत खोली लहान आहे, खुर्ची अडेल.”

बाबांनी मान हलवली. डाव्या हाताचं एक बोट दारावर ठेवलं आणि हलकेच ढकललं. “आत.”

“का पण?”

या वेळी त्यांनी शब्द सोडून दिला नाही. मीही थांबले. आतून मिक्सरचा आवाज आला, बंद झाला.

“बाहेर उघडलं... तर येणाऱ्याला...” त्यांनी तळहात माझ्या खांद्याला लावून मला जरासं मागे सारून दाखवलं. “मागे. आत उघडलं... तर ये.”

मी काहीच बोलले नाही. टाचणी आतल्या बाजूच्या चौकटीत टोचायची होती आणि मला ती नीट दिसत नव्हती.

वरची खिडकी बाबांनी एकट्यानं बसवली, डाव्या हातानं. ती अंमळ तिरकी आहे. कर्ण जुळत नाहीत, हे त्यांना माहीत आहे, मलाही. मी हात लावला नाही.

काम संपलं, मी कटर, टेप, गुण्या सगळं डब्यात भरलं. बाबा घराकडे बघत बसले होते. दार लावत होते, ढकलत होते. मी चपला घालायला लागले, तर म्हणाले, “पडदे?”

“काय?”

“खिडक्यांना... पडदे.” आणि मग एका दमात, न अडखळता, “पुढच्या रविवारी.”