डंकनचे घोडे

‘मॅकबेथ’ नाटकातली मला सर्वांत आवडणारी पात्रं म्हणजे डंकन राजाचे घोडे. ते रंगभूमीवर येत नाहीत, त्यांच्या तोंडी एक वाक्य नाही, जाहिरातीत नाव नाही. पण मालकाचा खून झाल्याबरोबर हे जातिवंत घोडे पागेची दारं मोडून उधळतात आणि चक्क एकमेकांना खाऊ लागतात. एरवी हरभऱ्यावर संतुष्ट असणारा प्राणी! त्याच सुमारास, मंगळवारी, उंदरांवर पोट भरणाऱ्या एका घुबडानं उंच उडणाऱ्या ससाण्याला मारलेलं असतं. वार मुद्दाम दिलेला आहे. मंगळवारबद्दल शेक्सपिअरला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे!

शिवाय खुनाच्या रात्री धुराडी कोसळतात, धरणीला कंप सुटतो आणि घड्याळाप्रमाणे दिवस उजाडला तरी सूर्य तोंड दाखवत नाही. यातली बरीचशी बातमी आपल्याला कळते ती एका सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या गप्पांतून. तो नाटकात येतो एवढ्यासाठीच. उभ्या आयुष्यात अशी रात्र पाहिली नाही, असं सांगणारा एक आजोबा प्रत्येक वाड्यात असतोच. पुरानंतर, भूकंपानंतर, किंवा नुसते दिवे गेल्यावरही.

राजाला मारलं की सृष्टीची घडी विस्कटते, हे १६०६च्या सुमारास लंडनच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आदल्याच वर्षी राजा जेम्सला पार्लमेंटसकट सुरुंगाच्या दारूनं उडवायचा बेत उघडकीला आला होता. त्यातून हा जेम्स मूळचा स्कॉटलंडचा, आणि नाटकातल्या बँकोचा वंशज म्हणवणारा! तेव्हा राजहत्येनंतर घोड्यांनी निमूटपणे हरभरे खाणं बरं दिसलं नसतं.

इतिहासातले घोडे मात्र हरभरेच खात असावेत. खऱ्या डंकनला १०४० साली मरण आलं ते बिछान्यात नव्हे, लढाईत. खऱ्या मॅकबेथनं पुढं १७ वर्षं राज्य केलं. १०५० साली तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथं गोरगरिबांना त्यानं सढळ हातानं पैसे वाटले. राज्य मागे ठेवून एवढ्या लांब जाणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत असणार. शेक्सपिअरनं होलिन्शेडच्या बखरीतून डफ नावाच्या भलत्याच राजाचा खून उचलला आणि त्या खुनाबरोबरचे घोडेही उसने आणले.

मला ते आवडतात याचं कारण सरळ आहे. त्यांना चालत नाही! आपल्याकडे सकाळच्या वर्तमानपत्रात काय काय छापून येतं. पण दूधवाला वेळेवर येतो आणि कावळासुद्धा ठरलेल्या सुरातच ओरडतो.

पण नाटक नीट वाचलं की पंचाईत होते. डंकन पाहुणा म्हणून मॅकबेथच्या गढीवर येतो, ती संध्याकाळ इतकी प्रसन्न असते की तो हवेची तारीफ करतो. बँको त्याला भिंतींच्या सांदीकोपऱ्यांतली पाकोळ्यांची घरटी दाखवतो. घरटं बांधताना पाकोळी घरमालकाच्या चारित्र्याची चौकशी करत नाही. निसर्गाचा आरडाओरडा सगळा नंतरचा. आधी बोलल्या त्या चेटकिणी, आणि त्याही नेमक्या नको त्या माणसाशी. (विशाल भारद्वाज यांनी २००३च्या ‘मकबूल’मध्ये चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन पोलीस घातले. भाषांतर इतकं सहज क्वचितच होतं.)

खरी उलथापालथ होते ती गढीच्या आत. नवरा-बायको म्हणून ही दोघं तशी चांगली हो! बढतीची बातमी तो पत्रानं बायकोला कळवतो. असे नवरे किती? खून करून आल्यावर त्याला एकच गोष्ट खात असते: कुणीतरी झोपेतून उठून प्रार्थना म्हटली आणि आपल्या तोंडून ‘आमेन’ निघेना. बायकोचं म्हणणं, थोड्या पाण्यानं हात धुतले की झालं.

शेवटच्या अंकात पारडं फिरतं. तीच झोपेत चालत हात चोळचोळून धुऊ लागते. वैद्य येतो, पाहतो आणि सांगतो, हिला माझ्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे. वर, इथून एकदा सुटलो तर कितीही पैसे मिळाले तरी परत यायचा नाही, असं मनाशी ठरवतो. फीवर पाणी सोडणारा असा वैद्य नाटकातच भेटायचा.

आणि मॅकबेथ? आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो. तो आठवून पाहतो. एके काळी रात्री नुसती किंकाळी ऐकली तरी अंगावर काटा यायचा. आता काहीच होत नाही. राणी गेल्याचा निरोप येतो; तोही तो ऐकून घेतो. मग बर्नामचं जंगल चालत येतं, म्हणजे हातात फांद्या धरून सैनिक येतात.

या वेळी घोडे काय करत होते, ते नाटकात लिहिलेलं नाही.