तिथीची पाऊणपट

बडोद्याच्या फतेगंजात समुद्राचा वाराही पोहोचत नाही. जवळून विश्वामित्री वाहते. तिच्या काठच्या चिखलात मगरी ऊन खात पडलेल्या असतात आणि हीच नदी पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते. एके काळची ही छावणीची बाजू आता विद्यापीठाच्या मुलामुलींनी गजबजलेली आहे. अशा ठिकाणी राहणारा मराठी वाचक ज्या कादंबऱ्या रात्र जागून संपवतो, त्यांत मात्र किनाऱ्यावरचं लहानसं गाव असतं. पावसाळ्यात बंद पडलेलं बंदर असतं, वर्षानुवर्षं कुलूप घातलेली माडी असते, आणि ज्याची वाट पाहणं गावाने सोडून दिलं तो माणूस एका संध्याकाळी परत येतो. प्रेम आणि रहस्य अशा गावात एकाच घरात नांदतात.

हा वाचक ज्या शहरात वाढला, त्या शहराने पुस्तकांवर मनापासून पैसा खर्च केला आहे. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि पेट्यांत भरलेली पुस्तकं संस्थानातल्या खेडोपाडी फिरू लागली. या संस्थानाला स्वतःचा समुद्रही होता. द्वारका आणि बेट द्वारका ज्या ओखामंडळात येतात ते ओखामंडळ गायकवाडांचं, तिकडे कोडीनारही त्यांचंच. बडोद्याच्या मराठी माणसाला समुद्र परका वाटत नाही, त्याचं हेही एक कारण असेल.

मराठी रहस्यकथेचा मोठा माणूस तर किनाऱ्याचं नावच लावून हिंडला. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अर्नाळा हे वसईजवळचं कोळ्यांचं आणि बागायतदारांचं गाव. समोरच्या बेटावर किल्ला, आणि तिथे होडीनेच जायचं. रहस्यकथेला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. पण अर्नाळकरांचा नायक झुंजार रमला तो मुंबईत, मोटारींत, बंगल्यांत. झुंजार आणि विजया या जोडीत प्रेम होतं, पण ते ठरलेलं, सुखरूप प्रेम होतं. त्याच्यावर कुणाला संशय घ्यावा लागत नव्हता.

प्रेमावरच संशय यावा, हे डॅफ्नी द्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेने करून दाखवलं. तिची 'रिबेका' १९३८ साली आली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलचा किनारा, तिथला मोठा वाडा, श्रीमंत विधुर आणि त्याची कोवळी दुसरी बायको. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पहिलीची छाप. नवऱ्याचं पहिलीवर अजून प्रेम आहे, या समजुतीने ही दुसरी कुढत राहते. मग धुक्यात एक जहाज खडकावर चढतं, ते तपासायला पाणबुड्या खाली उतरतो आणि त्याला पहिलीची बुडालेली होडी सापडते. होडीच्या केबिनमध्ये प्रेत असतं. तिथून पुढे गोष्ट फिरते, आणि वाचकाला कळतं की आपण इतका वेळ प्रेमाचा अर्थच उलटा लावत होतो. या कादंबरीची सुरुवात लेखिकेने अलेक्झांड्रियात केली. नवऱ्याची नेमणूक तिकडे होती आणि जीव कॉर्नवॉलमध्ये अडकला होता. दूर बसून किनारा आठवणाऱ्या बाईने तो लिहिला, म्हणून त्या पानांत समुद्राची इतकी ओढ आहे. हिंदीत याच कथेवरून १९६४ साली 'कोहरा' हा चित्रपट आला. त्यातली वाड्याची कारभारीण आपल्या ललिता पवारांनी उभी केली होती.

त्याच वर्षी मराठीत राजा परांजप्यांचा 'पाठलाग' आला. जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो बेतलेला होता. मेलेली बायको परत आल्यासारखी समोर उभी राहते आणि नवऱ्याला ठरवावं लागतं की ही कोण. दोन वर्षांनी त्याचा हिंदीत 'मेरा साया' झाला. 'परत आलेलं माणूस खरं की खोटं' हा प्रश्न मराठी वाचकाला जवळचा वाटतो, कारण कोकणच्या किनाऱ्याने तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे.

जुन्या काळी कोकणातला पुरुष मुंबईत चाकरमानी. गिरणीत, गोदीत, कुणाच्या तरी खोलीत दाटीवाटीने राहणारा, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. इकडे बायको, म्हातारी आणि पोरं. मनिऑर्डर आली म्हणजे तो आहे, नाही आली की नाना शंका. मुंबईत त्याने दुसरं घर तर केलं नाही? आजारी तर नाही? गावाला थोडंफार माहीत असतं, पण गाव बोलत नाही. प्रेमाची गाठ आणि रहस्याची गाठ अशी एकाच दोरीला पडते. खून, पोलीस, सापडलेला रुमाल यांच्याशिवाय इथे उत्कंठा तयार होते, कारण वाट पाहणारीच्या मनात रोज एक तपास चालू असतो.

गंभीर म्हणून गणलेल्या मराठी लेखकांनी हा ऐवज भरभरून वापरला. वेंगुर्ल्याच्या मुलखातले चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांच्या 'कोंडुरा'त (१९६६) वरदान मिळालेला माणूस आहे, वरदानाला ब्रह्मचर्याची अट आहे आणि त्या अटीखाली चिरडला जाणारा संसार आहे. कोंडुरा ही तिथल्या किनाऱ्यावरची खरीखुरी जागा. श्याम बेनेगलांनी १९७८ साली या कादंबरीवर चित्रपट केला. खानोलकरांच्याच 'चानी'तली पिंगट केसांची मुलगी गावाच्या डोळ्यांत सलते, कारण तिचा बाप गोरा होता हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणालाच पचत नाही. आरवलीचे जयवंत दळवी 'महानंदा'त देवळाच्या सावलीतलं, आधीच नाकारलेलं प्रेम लिहितात. गो. नी. दांडेकरांच्या 'शितू'त बालविधवा शितू आणि विसू यांच्यामध्ये सगळं गाव उभं असतं. यांतल्या एकाही पुस्तकाला ग्रंथालयात रहस्यकथेच्या फळीवर जागा मिळत नाही. तरी ज्याने ती वाचली आहेत त्याला माहीत आहे, की पान उलटताना धाकधूक होते ती झुंजारच्या गोष्टीइतकीच.

दुःख आहे ते या दोन फळ्यांच्या मधल्या अंतराचं. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी किनारा वाऱ्यावर सोडला आणि किनारा लिहिणाऱ्यांनी रहस्याची बांधणी दूर ठेवली. म्हणून 'रिबेका'च्या तोडीची, प्रेमाने भरलेली आणि कोड्यासारखी घट्ट विणलेली कोकणातली कादंबरी मागायला गेलं, तर हात रिकामाच राहतो. सामग्रीची मात्र कमतरता नाही.

सामग्री म्हणजे काय, याचा एक नमुना. १७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. दिवस आषाढी अमावास्येचा. बिनतारी यंत्रणेचा आधार नव्हता, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही. जिवंत किनाऱ्याला लागलेल्या माणसाकडून बातमी कळली. किती घरांत प्रेत आलं नाही, फक्त नाव आलं. अशा घरातल्या बाईने कुंकू पुसायचं की ठेवायचं? आणि त्या बोटीत बसतो म्हणून सांगून गेलेला एखादा मुळात चढलाच नसेल तर? एका कादंबरीला एवढं पुरे.

दुसरा नमुना गणिताचा. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ पंचांगावरून तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची घड्याळी वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. दिवसा एकदा आणि रात्री एकदा, साधारण तेवढ्याच वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा पाणी एरवीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला दूरवर मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढ-उतार कमी. हे समजणाऱ्या लेखकाला साक्षीदार विकत घ्यावा लागत नाही. 'त्या रात्री पंचमी होती, दहा वाजता मी बेटावरून चालत आलो,' असं कुणी सांगितलं तर कोळीण हिशेब करील. पावणेदहाला पुरी ओहोटी, हे खरं. पण भांग जवळ आला की वाळूची पट्टी उघडी पडत नाही. माणूस खोटं बोलतोय. असा पुरावा फक्त किनाऱ्यावरच्या गावात सापडतो, आणि तो बाईच्या तोंडून आला तर तिचं त्या माणसावर प्रेम आहे की नाही, हा प्रश्न कोर्टातल्या प्रश्नाहून मोठा होतो.

या गावांचं एकटेपण आता पूर्वीचं राहिलेलं नाही. बोटी बंद झाल्या. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावते. गायकवाडांच्या ओख्याहून सुटणारी एर्नाकुलमची गाडी बडोद्यावरून रत्नागिरीला जाते. तरीही गूढाची भूक कमी झालेली नाही. २०१६ साली सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका महाराष्ट्राने रोज रात्री बघितली आणि पुढच्या पर्वात अण्णा-शेवंताच्या प्रकरणाने तर घराघरांत गप्पा रंगवल्या. मालवणी कळो न कळो, माणसं खिळून बसली होती.

म्हणजे वाचक तयार आहे, भाषा तयार आहे, आणि किनाऱ्यावर अजून तिथीने वेळ सांगणारी माणसं आहेत. बडोद्याच्या विद्यापीठात मराठी शिकणाऱ्या एखाद्या मुलीने ही कादंबरी हाती घ्यावी. तिने एक पावसाळा वेंगुर्ल्याकडे काढावा, जून-जुलैत होड्या ओढून ठेवलेल्या असताना मच्छीमारांच्या ओसरीवर बसावं, पंचांग शिकावं. नंतर पहिलं प्रकरण अमावास्येच्या पहाटे सव्वापाच वाजता सुरू करावं, कारण त्या वेळी उधाणाची ओहोटी तळाला गेलेली असते आणि एरवी पाण्याखाली असलेलं सगळं उघडं पडतं.