जिंकलेलें गांव

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी साखरशेतहून नाशिकास माहेरीं गेलें, तेव्हां माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानें मला संगणकापुढें बसवून एक राज्य माझ्या हवालीं केलें. 'सिव्हिलायझेशन' हें त्या खेळाचें नांव. १९९१ सालीं तो प्रथम निघाला. आमच्या घरीं आहे ती त्याची सहावी आवृत्ति. बुद्धिबळाप्रमाणेंच येथें डाव आळीपाळीनें खेळावयाचा. मात्र सैन्य आधीं मांडलेलें नसतें. वसाहत करणारी एक टोळी आणि एक योद्धा, एवढ्याच भांडवलावर इसवी सनापूर्वींच्या ४००० व्या वर्षीं आरंभ करावयाचा.

मंगळागौरीची यादी करावी तशी मीं स्वारीची यादी केली. शेजाऱ्याला तट बांधण्याची विद्या साध्य होण्यापूर्वींच त्याचें सीमेवरील शहर घ्यावयाचें. तट नसला म्हणजे तिरंदाज दोन घरांवरून बाण सोडून शहर जेरीस आणतात; पण त्यांना आंत शिरतां येत नाहीं, त्यासाठीं योद्धाच हवा. म्हणून तीन तिरंदाज व दोन योद्धे उभे केले. या खटाटोपांत स्वतःच्या नव्या वसाहती राहिल्या. पण विजयानें सारें भरून निघेल, असा माझा हिशेब होता.

शहर पडलें! मीं मोठ्या दिमाखानें भाच्याकडे पाहिलें आणि सैन्य लगेच पुढच्या शहराकडे धाडलें. इकडे जिंकलेल्या शहराची निष्ठा दर डावागणिक उतरूं लागली. जुनी राजधानी जवळच. तिची ओढ लोकांना सुटेना. थोड्याच डावांत त्यांनीं बंड केलें व शहर हातचें गेलें.

"आत्या, शिबंदी काढून नेलीस, कारभारी नेमला नाहींस," भाचा म्हणाला. "घ्यायचं कसं, तेवढंच ठरवलं होतंस."

हें वाक्य मनांत घेऊनच मी परत आलें. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. सुरतेवर जातांना शिवाजीमहाराजांचा तळ तेथें पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना भेटले व त्या भेटींतील शिरपेचावरून माळाला हें नांव मिळालें, असें इकडे सांगतात. १६६४ च्या जानेवारींत महाराज सुरतेस मोजकेच दिवस राहिले. मोगलांचा अंमलदार इनायतखान किल्ल्यांत दडून बसला होता. महाराजांनीं संपत्ति घेतली आणि ते परतले. शहर ठेवून घेण्याचा मोह त्यांनीं धरला नाहीं. पुढें १६७२ सालीं मोरोपंत पिंगळ्यांनीं त्याच विक्रमशहांचें जव्हार घेतलें. तरीही मुकण्यांचें राज्य मागून पुन्हां उभें राहिलें आणि १९४८ पर्यंत टिकलें. घेणें आणि राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें या डोंगरांना आपल्यापेक्षां अधिक ठाऊक असावें.

पण वाचकहो, मला बोंचलें तें इतिहासामुळें नव्हे. सहा वर्षांपूर्वीं मी या भागांतील एका शाळेंत शिक्षिका म्हणून आलें, तीही एक स्वारीच होती. पहिल्याच जूनमध्यें पाडे पालथे घालून मुलांचीं नांवें पटावर घातलीं. वर्गांत वारली बोली बोलावयाची नाहीं, असा नियम केला. पंधरा दिवसांत वर्ग भरला. मीं घरीं अभिमानानें पत्र लिहिलें आणि दादानें तें जेवणाच्या पंक्तींत सर्वांना वाचून दाखविलें.

जुलैंत भाताची आवणी लागली आणि मुलें धाकट्या भावंडांना सांभाळण्यास घरीं राहूं लागलीं. दिवाळीनंतर कित्येक आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेलीं. त्यांतील एक चुणचुणीत मुलगी उन्हाळ्यांत परत आली. तिला मीं दाराशींच विचारलें, "इतके दिवस कोठें होतीस?" ती आपल्या बोलींत सांगूं लागली, इतक्यांत माझा नियम आठवून तिनें तोंड मिटलें. दुसऱ्या दिवशीं ती आली नाहीं. त्यानंतर कधींच आली नाहीं.

पांच वर्षें मीं या गोष्टीचा दोष कधीं पावसाला दिला, कधीं भट्टीला. माझी शिबंदी कोठें होती, हें मात्र पाहिलें नाहीं.

यंदा आवणींत मी बांधावर गेलें. कोणत्या घरीं कोणतें मूल कोणाला सांभाळतें, याची वही केली. धाकट्यांनाही वर्गांत घेऊन येण्यास सांगितलें. फळ्यावर एका बाजूस माझा शब्द असतो, दुसऱ्या बाजूस मुलांचा. माझे उच्चार ऐकून तीं पोट धरून हंसतात. पट फारसा वाढलेला नाहीं. पण आवणींतही वर्ग अगदींच ओस पडला नाहीं.

परवां जव्हारच्या बाजारांत त्या मुलीची आई भेटली. इतक्या वर्षांत प्रथमच मीं मुलीचें नांव काढलें. "भट्टीवर आहे," ती म्हणाली.

"तिला सांग, बाईंनीं विचारलें आहे. आली तर आपल्या बोलींतच बोल म्हणावें."

तिनें माझ्याकडे थोडा वेळ पाहिलें. मग टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "सांगन."