सल्ल्याची मात्रा

पनवेलमध्ये पाऊस लागला की तापाचे रुग्ण येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाणी कमी पडलं तरी ते येतात. देहरंग धरण उन्हाळ्यात आटत जातं, नळाचा भरवसा उरत नाही, मग घरोघरी पिंपं, बादल्या, कळशा भरून ठेवल्या जातात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही. त्याला हेच साठवलेलं, स्वच्छ, निवांत पाणी हवं असतं.

म्हणून ‘परिसर स्वच्छ ठेवा’ हे वाक्य मी रुग्णांना सांगत नाही. ज्यांचं घर आरशासारखं लख्ख असतं, त्यांच्याही बाथरूममध्ये पिंप असतंच. मी विचारतो, पिंप पूर्ण रिकामं कधी होतं? उत्तर बहुधा एकच येतं: “रिकामं कुठे होतंय डॉक्टर? तळाला थोडं असतं, त्यावरच नवीन भरतो.” इतक्या यातायातीनं भरलेलं पाणी मोरीत ओतून द्या, असं कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हा मी म्हणतो, ताई, आठवड्यातला एक वार तुम्हीच ठरवा. त्या दिवशी तळाचं पाणी लादी पुसायला आणि संडासात वापरा, मग काथ्यानं पिंप आतून खसखसून घासा. नुसतं उपडं करून भागत नाही, कारण डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा वार चुकला नाही, तर ही साखळी तुटते.

सल्ल्यालाही औषधासारखी मात्रा लागते, असं मला मनापासून वाटतं: किती, कधी, कुठल्या भांड्यात आणि घरातल्या कोणी. त्यातलं काहीच न सांगता दिलेला सल्ला दवाखान्याच्या पायरीवरच राहतो.

जुलाबाचंच घ्या. ओआरएसची पुडी दिली की मी आधी विचारतो, घरात एक लिटरचं भांडं कुठलं? पुष्कळ घरांत मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली जाते. मीठ-साखरेचं प्रमाण असं वाढलं की लहान मुलाला अपायच होतो. मग पाण्याची लिटरची बाटली दाखवून सांगावं लागतं, अख्खी पुडी आणि ही पूर्ण बाटली, चमच्या-चमच्यानं, चोवीस तासांत संपवायची, उरलं तर टाकून द्यायचं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवलं आणि ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या घरात गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. माझ्या व्यवसायात याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही. ती घडली घरच्या माणसांच्या हातून, कारण त्यांना माप नेमकं सांगितलेलं होतं.

तापाबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक आईकडून वदवून घेतो. पावसाळ्यातल्या तापाला पॅरासिटामॉलच, अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, त्यानं डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. डेंग्यूचा खरा धोका बऱ्याचदा त्याच एक-दोन दिवसांत असतो. पोट दुखत राहिलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, मूल मलूल झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठायचं.

आजूबाजूच्या गावांतून भातलावणी करून येणाऱ्यांची गोष्ट निराळी. उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी पायाच्या भेगांतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, जंतू आत सोडतं. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. गमबूट घाला म्हणणं सोपं आहे, पण लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, त्यात दिवसभर वाकून काम होत नाही. म्हणून या मंडळींना मी मेअखेरीलाच पाय दाखवायला बोलावतो. भेगा लावणीआधी भरून याव्यात, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी असावी, संध्याकाळी पाय साबणानं धुवावेत. तापाबरोबर पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता यायचं, आणि आल्या आल्या सांगायचं, “डॉक्टर, शेतात होतो.” एवढं कळलं की उपचार त्याच दिवशी सुरू करता येतात.